हौद आणि विटाळ

पाणी स्वच्छ ठेवणे आणि पाणी सोवळे ठेवणे या दोन गोष्टी एकच होत, असा समज आपल्या समाजात शतकानुशतके नांदला, आणि तो आजही सर्वस्वी मावळला आहे असे छातीठोकपणे म्हणवत नाही. या दोहोंतील भेद कळण्यासाठी धर्मशास्त्राचे मोठमोठे ग्रंथ उलगडण्याचे कारण नाही. एखाद्या गृहस्थाने आपल्या अंगणात पोहण्याचा हौद बांधावा आणि तो बारा महिने निर्मळ राखण्याची जबाबदारी मनापासून पत्करावी. वर्ष संपण्यापूर्वी हा भेद त्यास आपल्या हातांनीच कळून येईल. मात्र ते हात त्याचे स्वतःचे असले पाहिजेत. बहुधा ते दुसऱ्याच कोणाचे असतात, आणि प्रस्तुत विषयातील खरी मेख तेथेच आहे.

छत्रपती संभाजीनगराच्या, म्हणजे २०२३ सालापर्यंत ज्यास औरंगाबाद म्हणत त्या शहराच्या भोवताली, विशेषतः दौलताबाद आणि वेरुळाच्या वाटेवर, गेल्या काही वर्षांत पुष्कळ शेतघरे व बंगले उठले. त्यांपैकी कित्येकांच्या आवारात निळ्या फरशीचा एक हौद असतो. घरधनी त्यास इंग्रजी नावाने ओळखतात. परंतु 'हौद' हा शब्द काही कमी जातिवंत नाही. अरबीतून तो आपल्याकडे आला, मशिदीच्या अंगणात बसला, वाड्याच्या चौकात बसला, आणि इतका घरचा झाला की त्याचे मूळ विचारण्याची आता कोणास आठवणही होत नाही. अशा हौदाची निगा हा विषय नीतिविचाराच्या दृष्टीने क्षुल्लक आहे असे एखाद्या वाचकास वाटेल. तसे वाटण्यापूर्वी त्याने ती निगा म्हणजे काय हे नीट पाहावे, एवढीच विनंती.

पाणी कशाने घाण होते, हा पहिला प्रश्न. झाडांची पाने, वाऱ्याबरोबर येणारी काळ्या मातीची धूळ, किडे, पाखरांची विष्ठा ही तर डोळ्यांस दिसतात, आणि जे दिसते ते लांब दांड्याच्या जाळीने काढून टाकता येते. खरी घाण दिसत नाही. मनुष्य पाण्यात उतरला की त्याच्या अंगचा घाम, कातडीवरील तेलकटपणा, केसांचे तेल, त्वचेचे सूक्ष्म पापुद्रे, आणि बोलण्यास संकोच वाटला तरी सांगितले पाहिजे, पोहणाऱ्यांपैकी कित्येकांचे मूत्रदेखील त्या पाण्यात मिसळते. पाण्यात घातलेले क्लोरीन या सर्वांशी झुंजते. घाम आणि मूत्र यांतील नत्रयुक्त द्रव्यांशी त्याचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाची द्रव्ये बनतात. नाकास झोंबणारा आणि डोळे चुरचुरविणारा जो वास पुष्कळ लोकांस स्वच्छतेची खूण वाटतो, तो वस्तुतः या क्लोरामाइनांचा असतो. म्हणजे ज्या हौदास 'औषधाचा' उग्र वास येतो तो हौद अधिक स्वच्छ नसून अधिक मळलेला आहे. उत्तम राखलेल्या हौदास जवळजवळ वासच नसतो. स्वच्छतेच्या बाबतीत आपले नाक आपणास किती फसविते याचे हे उदाहरण मोठे बोधप्रद आहे, आणि केवळ पाण्यापुरते ते आहे असेही नाही.

म्हणून हौद राखणारा नाकावर विसंबत नाही, मोजतो. लहानशा नळीत पाणी घेऊन त्यात द्रव्याचे थेंब टाकले म्हणजे रंग येतो. त्या रंगावरून मोकळे क्लोरीन दर दहा लक्ष भागांत एक ते तीन भाग आहे की नाही हे पाहावयाचे. दुसऱ्या नळीत पाण्याचा सामू पाहावयाचा, तो ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान असावा. तो याहून वर चढला की क्लोरीन पाण्यात असूनही निर्जीवासारखे पडून राहते, जंतूंना पुरेसे मारीत नाही. खाली उतरला की धातूचे भाग गंजतात आणि डोळे लाल होतात. इकडच्या खडकातील कूपनलिकांचे पाणी बहुधा जड असल्यामुळे फरशीवर पांढरे थर धरतात, ते निराळेच. मराठवाड्याचे ऊन हा आणखी एक शत्रू. दुपारच्या उन्हात मोकळे क्लोरीन दोन-तीन तासांत पुष्कळसे उडून जाते, म्हणून शहाणा मनुष्य ते सूर्यास्तानंतर घालतो. सगळे पाणी दिवसातून निदान एकदा पंपाने ओढून वाळूच्या गाळणीतून फिरविले पाहिजे. वाळू मळाने भरली की तीतून उलट दिशेने पाणी सोडून ती धुतली पाहिजे. भिंती कुंच्याने घासल्या पाहिजेत, कारण शेवाळाचा पहिला थर डोळ्यांस दिसण्यापूर्वीच बोटास बुळबुळीत लागतो. आठ दिवस हे काम राहिले तर पाणी गढूळ होते. वैशाखात पंधरा दिवस राहिले तर ते हिरवे होते आणि डासांची वीण सुरू होते.

हे तपशील सांगण्याचे कारण असे की, या कामास शेवट नाही. विहीर एकदा खणली म्हणजे खणली, भिंत एकदा बांधली म्हणजे बांधली. निर्मळपणा मात्र एकदा मिळवून तिजोरीत ठेवता येत नाही. हौद आज स्वच्छ आहे याचा अर्थ कोणी तरी आज त्यात हात घातला आहे, एवढाच. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. परीक्षेची ती नळी पोहणाऱ्याचे गोत्र विचारीत नाही. वकिलाचा घाम आणि गवंड्याचा घाम यांतील नत्र एकाच प्रकारचे असते, आणि क्लोरीन दोहोंशी सारख्याच रीतीने संयोग पावते. कोण उतरले यावर काही अवलंबून नाही. किती उतरले, अंग धुऊन उतरले की न धुता, आणि नंतर पाण्याची काळजी घेतली की नाही, यावर सर्व अवलंबून आहे.

या शहरास हौदाची विद्या नवी नाही. मलिक अंबराने खडकी येथे शहर वसविले आणि सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात उत्तरेच्या डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरात आणले. त्या नहर-ए-अंबरीच्या धर्तीवर पुढे आणखी नहरी झाल्या, आणि त्यांतील एकीवर अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात पाणचक्की उभी राहिली. हर्सूलच्या बाजूने कित्येक किलोमीटर मातीच्या नळांतून येणारे पाणी एका उंच भिंतीवर चढून धबधब्याप्रमाणे खाली पडे, चाक फिरवी, आणि त्या चाकाच्या जात्यावर फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी धान्य दळले जाई. पुढ्यातला मोठा हौद तर बांधकामाचा एक चमत्कारच आहे. त्याचा तळ हा खालच्या दालनाचे छत आहे, आणि खांबांवर तोललेल्या त्या छतावरील पाण्यामुळे ऐन उन्हाळ्यातही दालन थंड राही. वरचे पाणी ओसंडून शेवटी खाम नदीस मिळे. येथे कोणी क्लोरीन घालीत नव्हते. पाणी वाहते होते, म्हणजे येत होते आणि जात होते, हीच त्याची निगा. जे पाणी दळण करून, दालन निववून, हातपाय धुऊन पुढे नदीस जाते, त्यास राखण्याची यातायात फारशी पडत नाही. नहरींची ती स्थिती आता राहिलेली नाही, आणि खामेचीही नाही. तो विषय स्वतंत्र आहे.

घरचा निळा हौद याच्या अगदी उलट. ते अडविलेले पाणी आहे. ते कोठून येत नाही, कोठे जात नाही. तेच पाणी वर्षानुवर्षे गाळून, औषध घालून वापरावयाचे. त्यावरून हौद बांधणारांस दोष देण्याची घाई काही नीतिमान लोक करतात. हिशेब त्यांच्या बाजूस आहे असे प्रथमदर्शनी दिसते. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल अशा मध्यम हौदात ४८,००० लिटर पाणी मावते. शहरातील माणसास दररोज १३५ लिटर पाणी मिळावे असे सरकारी मान आहे. त्या मानाने हा हौद म्हणजे एका माणसाचे जवळजवळ वर्षभराचे पाणी झाले. ऐन उन्हाळ्यात पृष्ठभागावरून दिवसास सुमारे एक सेंटिमीटर पाणी उडून जाते असे धरले, तर तेच ३२० लिटर, म्हणजे दोन माणसांहून अधिकांचा रोजचा वाटा. आणि हे कोणत्या शहरात? जायकवाडीचे धरण १९७६ साली पुरे होऊन पैठणास नाथसागर भरला. तेथून सुमारे पन्नास किलोमीटर पाणी चढवून आणून ज्या शहरातील कित्येक वस्त्यांस अलीकडची अनेक वर्षे पाच-पाच, आठ-आठ दिवसांनी नळ पाहावयास मिळाला, आणि जेथे २०२२ सालच्या मे महिन्यात पाण्यासाठी मोठा मोर्चा निघाला, त्या शहरात.

'पाणी माझ्या कूपनलिकेचे आहे, टँकरचे पैसे मी मोजले आहेत,' हे मालकाचे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. खडकाच्या भेगांतून येणारे पाणी कुंपण ओळखीत नाही. माझ्या कूपनलिकेने ओढलेले पाणी शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीतले असू शकते. तथापि हौदच नसावा असा निकाल देऊन मोकळे होणेही मला पटत नाही. ज्या प्रदेशात पोहता येणे हा जीव वाचविण्याचा प्रश्न आहे तेथे पोहण्याची जागा ही निव्वळ चैन नव्हे. त्याविषयी पुढे येईल. एवढे मात्र निश्चित की हौदाचे समर्थन ज्या एका गोष्टीवर उभे राहू शकते ती गोष्ट म्हणजे त्याची निगा. जो हौद रोज राखला जातो त्याचे पाणी वर्षानुवर्षे बदलावे लागत नाही; रात्री त्यावर आच्छादन घातले तर उडून जाणारे पाणीही पुष्कळ वाचते. जो राखला जात नाही तो हिरवा होतो, मग एके दिवशी पंप लावून सारे पाणी नाल्यात सोडले जाते, आणि पुन्हा टँकर बोलाविले जातात. ४८,००० लिटर पाणी एका आळसापायी गटारात. आळस हा आपल्याकडे फार तर स्वभावातला एक गोड दोष समजला जातो. पाण्याच्या बाबतीत तो चोरी आहे, असे मी म्हणतो, आणि हा शब्द मी विचार करून वापरला आहे.

आता सोवळ्याकडे वळू. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात निवळीच्या फळाचा एक दृष्टांत आहे. निवळीचे बी भांड्याच्या आतल्या अंगास घासले म्हणजे गढूळ पाण्यातील माती खाली बसते, हे खेड्यापाड्यांत सर्वांस ठाऊक होते. स्मृतिकार म्हणतो त्याचा आशय असा की, निवळीत हा गुण खरोखरच आहे, परंतु तिचे नुसते नाव घेतल्याने पाणी काही निवळत नाही. संन्याशाची बाह्य चिन्हे धारण केल्याने धर्म घडत नाही, हे सांगण्यासाठी त्याने हा दृष्टांत योजिला. दृष्टांत इतका चोख आहे की हौद राखणाराच्या खोलीत तो टांगून ठेवावा. त्याच ग्रंथाने स्पर्शास्पर्शाचे जे जाळे विणले त्यास मात्र हा न्याय लावण्याचे त्याच्या अनुयायांस सुचले नाही, ही मोठी चमत्कारिक गोष्ट आहे.

महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास वाचकांस ठाऊकच आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस मोकळे करावेत असा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला होता; महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह त्या तळ्यावर गेले आणि सर्वांनी पाणी प्राशन केले. त्यानंतर गावातील सनातनी मंडळींनी तळ्याची शुद्धी केली ती दही, दूध, गोमय आणि गोमूत्र यांच्या १०८ घागरी पाण्यात रित्या करून. या कृतीतील अन्याय वेगळा सांगावयास नको. मला येथे केवळ हौद राखणाराच्या दृष्टीने एक गोष्ट पाहावयाची आहे. तहानलेल्या माणसांनी ओंजळीने पाणी प्यायल्याने तळ्यातले पाणी तेवढे कमी झाले, मलिन झाले नाही. शेण आणि मूत्र यांतील नत्र व स्फुरद हे शेवाळाचे आवडते अन्न. दूधदही कुजू लागले म्हणजे पाण्यातील प्राणवायू खाते. तेव्हा त्या दिवसांत चवदार तळे ज्या कोणी विटाळविले असेल ते कोण, याचे उत्तर परीक्षेच्या नळीस विचारले असते तर तिने ते निःसंदिग्ध दिले असते. नाव घेऊन पाणी निवळत नाही, हे त्या मंडळींच्याच स्मृतीत लिहिलेले होते. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाड येथेच ती स्मृती जाळण्यात आली. पाण्याचा खटला पुढे दहा वर्षे चालला. मुंबईच्या उच्च न्यायालयाने १९३७ साली निकाल दिला तो अस्पृश्यांच्या बाजूने, कारण सनातन्यांनी सांगितलेली वहिवाट अनादिकालापासूनची आहे असे त्यांस सिद्ध करता आले नाही.

महाड कोकणात आहे. परंतु दौलताबादचा किल्ला तर या शहराच्या दाराशीच आहे. १९३४ साली डॉ. आंबेडकर सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरुळाची लेणी पाहण्यास निघाले असता वाटेत तो किल्ला पाहण्यास थांबले. मुलूख निजामाचा, महिना रमजानचा. प्रवासाच्या धुळीने सर्वांची अंगे व कपडे भरलेले. किल्ल्याच्या दाराबाहेर काठोकाठ भरलेला एक लहानसा हौद होता, त्याभोवती फरसबंदी होती; काहींनी त्या पाण्याने हातपाय व तोंड धुतले. इतक्यात एक पांढऱ्या दाढीचे वृद्ध मुसलमान गृहस्थ, अस्पृश्यांनी तळे बाटविले, असा ओरडा करीत धावत आले; पाहता पाहता जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली आणि प्रसंग हातघाईवर येण्याची चिन्हे दिसू लागली. एखादा अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्यास या पाण्यास मज्जाव कराल काय, असे बाबासाहेबांनी विचारले, तेव्हा कोणापाशी उत्तर नव्हते. अखेरीस किल्ला पाहू देण्यात आला, परंतु आत कोठेही पाण्यास शिवावयाचे नाही या अटीवर; आणि अट मोडली जाऊ नये म्हणून बरोबर एक हत्यारबंद शिपाई देण्यात आला. हा प्रसंग त्यांनी पुढे आपल्या आठवणींत स्वतःच लिहून ठेवला आहे.

या प्रसंगात विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, त्या वृद्धाच्या धर्मशास्त्रात हौदाची फार बारकाईने चिकित्सा केलेली आहे. दहा हात लांब व दहा हात रुंद असा हौद असेल तर त्याचा रंग, चव किंवा वास पालटल्यावाचून तो नापाक होत नाही, असा हनफी पंथाचा सर्वमान्य नियम आहे; आणि हौद लहान असला तरी माणसाचे अंग केवळ त्याच्या जन्मामुळे अपवित्र असते, असे ते शास्त्र कोठेच म्हणत नाही. रंग, चव, वास! कोणत्याही जलतज्ज्ञाने मान डोलवावी अशी ही कसोटी. ती हाताशी असताना त्या गृहस्थांनी ती वापरली नाही. शेजाऱ्यांच्या घरची कसोटी उसनी घेतली. एका समाजाचे पाप दुसऱ्याच्या अंगणात इतक्या सहजपणे कसे रुजते, याचे उत्तर मला असे दिसते की, सोवळ्यास श्रम लागत नाहीत. पाणी निर्मळ राखावयाचे तर रोज उपसणे, गाळणे, घासणे आले. कोणास तरी हाकलून दिले म्हणजे मात्र हात न मळविता पाणी शुद्ध झाल्याचे समाधान मिळते. स्वस्त वस्तूस सर्वत्र गिऱ्हाईक असते.

हे एकट्या आपल्या देशाचे वैगुण्य आहे असेही नाही. अमेरिकेत फ्लॉरिडा प्रांतातील सेंट ऑगस्टीन या गावी मॉन्सन मोटर लॉज नावाच्या उतारगृहात एक पोहण्याचा हौद होता; तो गोऱ्यांसाठी राखीव. १८ जून १९६४ रोजी काळे व गोरे सत्याग्रही एकत्र त्यात उतरले. तेव्हा मालकाने फरशी घासण्याचे आम्ल आणून, ते पोहत असतानाच, पाण्यात ओतले. एवढ्या पाण्यात ते विरून गेल्याने कोणास मोठी इजा झाली नाही; परंतु त्या क्षणाची छायाचित्रे जगभर गेली, आणि दुसऱ्याच दिवशी नागरी हक्कांचा कायदा अमेरिकेच्या सेनेटात संमत झाला. हौदाची स्वच्छता राखण्याचेच साधन हाती घेऊन मनुष्य काय करू शकतो, हे त्या छायाचित्रांत कायमचे टिपले गेले आहे.

आज आपल्या राज्यात कोणी कोणास उघडपणे पाण्यावरून हाकलू शकत नाही. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि पंधराव्या कलमात विहिरी, तलाव व स्नानाचे घाट यांचा नामनिर्देश करून भेदास बंदी केली आहे. परंतु मोठ्या शहरांतील कित्येक गृहसंकुलांच्या नियमावल्यांत, घरकाम करणाऱ्या बायका, वाहनचालक व नोकर यांनी तरणतलाव वापरू नये, असे नियम आढळतात. कारण काय, असे विचारले म्हणजे 'स्वच्छता' हा शब्द पुढे येतो. खर्चाचे कारण सांगितले तर ते समजू शकते. जो वर्गणी भरतो त्याचा हक्क, हेही एक वेळ समजू शकते. पण स्वच्छता? तो हौद स्वच्छ कोणी ठेवला आहे? पहाटे सहा वाजता जो जाळीने पाने काढतो, गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा राहून पायऱ्या घासतो, नळीत पाणी घेऊन रंग पाहतो, क्लोरीनची भुकटी मिसळताना ज्याच्या घशात आग होते, आम्ल आणि क्लोरीन चुकून एकत्र आल्यास विषारी वायू निघतो हे ज्यास बहुधा कोणी सांगितलेलेही नसते, त्याच्या हाताने ते पाणी मळत नाही आणि त्याच्या अंगाने मात्र मळते, हा कोणता रसायनशास्त्राचा सिद्धांत आहे? त्या मनुष्यास हातमोजे, डोळ्यांस चष्मा आणि या दोन द्रव्यांविषयी पाच मिनिटांची समज देणे, ही हौदाच्या मालकाची पहिली जबाबदारी होय. निळ्या फरशीची निवड तिच्या मागाहून.

घरचा हौद खासगी आहे, तळ्याचा न्याय त्यास लागू नाही, असा आक्षेप येईल, आणि कायद्याच्या दृष्टीने तो बरोबर आहे. आपल्या घरात कोणास घ्यावे याचा निर्णय घरधन्याचा. पण १८६८ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी अस्पृश्यांस मोकळा केला तो हौद त्यांच्या घरचाच होता. कोणत्याही कायद्याने त्यांस तसे करावयास लावले नव्हते. उलट जातभाईंचा रोष पत्करावा लागला. त्या हौदाचे महत्त्व तो घरचा होता यातच आहे. सार्वजनिक पाणवठ्याविषयी भाषण करता येते. घरच्या पाण्याविषयी काही तरी करावेच लागते.

प्रत्येकाने आपला हौद रस्त्यावरच्या सर्वांस मोकळा करावा असे मी सुचवीत नाही. तसे केल्यास आठवड्यात तो हिरवा होईल, आणि पाण्याच्या चोरीविषयी मी वर जे म्हटले ते मलाच लागू पडेल. परंतु मराठवाड्यात दर उन्हाळ्यात मुले बुडाल्याच्या बातम्या येतात. कोणी विहिरीत, कोणी गोदावरीच्या डोहात, आणि अलीकडे कित्येक शेततळ्यांत, ज्यांच्या काठास प्लास्टिकचा गुळगुळीत कागद अंथरलेला असल्यामुळे पोहता न येणाऱ्या पोरास वर चढणे अशक्य होते. हौद घासणाऱ्याची, बागेस पाणी घालणाऱ्याची, स्वयंपाक करणारीची मुले मे महिन्यात सुटीवर असतात. त्यांस सकाळचा एक तास, पोहणे येणाऱ्या एका मोठ्या माणसाच्या नजरेखाली, उथळ बाजूस पाणी शिकू द्यावे. उतरण्यापूर्वी सर्वांनी साबणाने अंग धुवावे, आणि हाच नियम घरच्या मुलांसही असावा. ज्यास हगवण लागली आहे त्याने, तो कोणाचाही मुलगा असो, पाण्यात उतरू नये. आठ मुले तासभर पोहली म्हणजे क्लोरीन रोजच्यापेक्षा थोडे अधिक खर्च होईल. सूर्य मावळल्यावर नळीत पाणी घेऊन रंग पाहावा; आकडा एकाच्या खाली गेला असल्यास मोजून भुकटी घालावी, गाळणीचा पंप त्या रात्री दोन तास अधिक चालवावा, आणि भिंतीवरच्या वहीत तारखेपुढे तेवढी नोंद करावी.